पहिली बातमी कोणाची?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेतील भाषण)



कार्यकारिणीने आम्हाला बोलायला सांगितलं तेव्हा विषय आम्हीच मागून घेतला. पोलिसांची गोळी आणि वर्तमानपत्राची शाई. दोन्ही एकाच दिवशी सुटतात, पण गोळीचा हिशोब कधीतरी कोर्टात मागता येतो, शाईचा कोणी मागत नाही. आम्ही साचेखात्यातली माणसं. शाळा अर्धी सुटली, पेपर वाचायला शिकलो ते गिरणीच्या जेवणाच्या सुट्टीत. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी डबा खात शंका काढायच्या. ती शंका काढायची सवय आज तुमच्यापुढे ठेवतो.

११ जुलै १९९७. घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांनी पाहिला. लोक बाहेर आले, शेजारचा पूर्व द्रुतगती महामार्ग अडवला. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि गोळीबार झाला. दहा माणसं गेली, वीसहून जास्त जखमी झाली. हे इथल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. तरुणांनी मात्र त्यापुढचं नीट ऐकावं.

लोक पेटवून दिलेल्या गॅसच्या टँकरकडे वळले होते, स्फोट झाला असता तर सगळा परिसर गेला असता, म्हणून गोळ्या चालवाव्या लागल्या, असं पोलिसांच्या बाजूने सांगण्यात आलं. जळत्या टँकरची चित्रफीतही लोकांना दाखवली गेली. आता डोळ्यांनी आग पाहिल्यावर कोण शंका घेणार? वस्तीबाहेरच्या माणसाने मान डोलावली, बरोबरच केलं म्हणाला. दहा प्रेतं ज्यांच्या दारात होती त्यांना मात्र एक साधा प्रश्न पडला होता. टँकर कुठे उभा होता आणि माणसं कुठे पडली? आगीची वेळ काय आणि गोळीची वेळ काय? ही वेळ आणि हे अंतर बातमीत नव्हतं. सगळी मेख तिथे होती.

न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग नेमला गेला. वस्तीतली साधी माणसं, बायाबापड्या, वकिलांच्या उलटतपासणीला तोंड द्यायला उभ्या राहिल्या. हे सोपं नसतं. १९९८ मध्ये अहवाल आला. आयोगाने टँकरची कहाणी मान्य केली नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीचे फौजदार मनोहर कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. नंतर उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. म्हणजे टँकरची बातमी पोचायला एक दिवस लागला आणि शिक्षेची बातमी यायला बारा वर्षं. ज्यांनी पहिली वाचली त्यातल्या किती जणांनी दुसरी वाचली असेल? टँकर आजही लोकांच्या तोंडात आहे. गोळीबारानंतर चारच दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. आनंद पटवर्धन यांचा २०११ सालचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट तिथूनच सुरू होतो आणि टँकरच्या चित्रफितीची वेळ न् अंतर उलगडून दाखवतो. विहारात पडदा लावून तो एकदा पाहावा, ही आमची जुनी मागणी आहे.

कायदा काय म्हणतो? आधी जमावाला पांगायचा हुकूम द्यावा, ऐकलं नाही तर मग बळ. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे १२९ कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४८ व्या कलमात आहे. असा हुकूम, असा इशारा ऐकलाच नाही, हेच रमाबाई नगरचे लोक सांगत आले. आणि त्याच कायद्यात दुसरी सोय आहे. अशा कारवाईबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. पेपरात ही मंजुरीची गोष्ट क्वचित येते, म्हणून मुद्दाम सांगितली.

आता बातमीची भाषा बघा. ‘पोलिसांनी सौम्य लाठीमार केला.’ लाठी डोक्यात बसल्यावर सौम्य म्हणजे काय, ते ज्याच्या डोक्यात बसली त्याला विचारा! ‘गोळीबारात दहा ठार’, मग गोळ्या कोणी घातल्या ते वाक्यात नाही, जणू पाऊस पडला. आणि मेलेला माणूस ‘जमाव’ होतो. त्याला नाव नाही, नोकरी नाही, घरी वाट बघणारं कोणी नाही.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने गुडघा दाबून धरला आणि तो मेला. तिथल्या पोलिसांचं पहिलं पत्रक काय म्हणालं? पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने मृत्यू! गुडघ्याचा उल्लेखच नाही. सतरा वर्षांच्या एका मुलीने रस्त्यावर उभं राहून मोबाईलवर सगळं टिपलं होतं, म्हणून पत्रक उघडं पडलं आणि एप्रिल २०२१ मध्ये पोलीस दोषी ठरला. तिथे अकरा महिने, इथे बारा वर्षं. फरक एका पोरीच्या हातातल्या यंत्राने पाडला, असं आम्हाला वाटतं.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’. दुसऱ्याच्या छापखान्यात आपली बातमी आपल्या तोंडची राहत नाही, हे त्यांना कळलं होतं.

पण एक कडू गोष्टही बोलतो, रागावू नका. मोबाईलवर आपणही काहीबाही पुढे ढकलतो. कुठला जुना फोटो, कुठल्या दुसऱ्याच राज्यातला लाठीमार, खाली आपल्या वस्तीचं नाव. कालामांना भगवंतांनी काय सांगितलं ते दर रविवारी ऐकायचं आणि घरी जाऊन खोट्या चित्रफिती वाटायच्या, हे जमायचं नाही. एक खोटं सापडलं की आपली शंभर खरी माणसं खोटी ठरतात. आणि पोलिसात आपल्याही घरची पोरं आहेत. त्यांच्याशी आपलं वैर नाही. हुकूम कोणी दिला आणि का दिला, एवढंच आपल्याला विचारायचं आहे.

तेव्हा विहारात एक कपाट आणि एक वही असावी. कुठे काही घडलं तर त्याच दिवशी लिहायचं. किती वाजले, कुठल्या गल्लीच्या तोंडाशी, कोणी पाहिलं. ऐकलेलं वेगळ्या पानावर, पाहिलेलं वेगळ्या. मोबाईलवरची मूळ फीत पुसायची नाही, कापायची नाही. पेपरातली कात्रणं तारीख घालून चिकटवायची, आपल्याला न आवडणाऱ्या पेपराचीसुद्धा. चुकीची बातमी आली तर संपादकाला दोन ओळींचं पत्र, वेळ आणि अंतर घालून, शिव्या न घालता.

वही आम्ही आणली आहे, दोनशे पानी. कात्रणांचं काम महिला मंडळाने घ्यायचं की तरुणांनी, ते भोजनाआधी ठरवून घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!