चित्रकार कुठं उभा आहे?

वेढ्याचं चित्र समोर आलं की मी आधी एवढंच बघतो, की चित्रकार तटाच्या आत उभा आहे का बाहेर? ही खोड मला साताऱ्यानं लावली. अजिंक्यताऱ्यावरून खाली करंजे दिसतं. १६९९च्या डिसेंबरात औरंगजेबाचा डेरा तिथं पडला. तिथून बघणाऱ्याला किल्ला म्हणजे एक डोंगर, फार तर वर थोडा धूर. आत प्रयागजी प्रभू आणि त्यांची माणसं होती. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्यात प्रयागजी गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसरा उलटला आणि मोगलांचेच सुमारे दोन हजार लोक ढिगाऱ्याखाली गेले. करंज्यातून यातलं किती दिसलं असेल?

आता टर्नर या इंग्रज चित्रकाराचं ‘श्रीरंगपट्टणचा वेढा’ बघा. १८००च्या सुमाराचं हे जलरंगातलं चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. टर्नर तेव्हा पंचविशीतला, आणि हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही. दुसऱ्यांच्या रेखाटनांवरून त्यानं हे रंगवलं. निसर्ग अफाट आणि माणूस चिमुकला, ही त्या काळच्या चित्रकारांची आवड. चित्र देखणं आहे, मी ते पुन्हा पुन्हा बघतो. पण जागा वेढा घालणाऱ्यांची आहे, आणि इतक्या लांबून मेलेला माणूस ओळखू येत नाही.

इंग्रजांकडे बोट दाखवणं सोपं. पण आपल्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन १७९१ साली इंग्रजांच्या जोडीनं टिपूवर चालून गेले होते. त्या स्वारीत पटवर्धनी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाला पैसा, धान्य पाठवलं ते टिपूनं! याच भाऊंनी तासगावच्या गणपतीपुढं, दक्षिणेत पाहिलेल्या देवळांसारखं सात मजली गोपूर उभारलं. देवळाचं काम १७९९ला पुरं झालं. त्याच वर्षी कोल्हापूरकरांशी लढताना भाऊ पडले.

ऋषिपंचमीच्या रथोत्सवाला मी त्या गोपुराखाली उभा राहतो. गुलाल उडत असतो, मान वर करून सगळे मजले मोजतात. शृंगेरीच्या लुटीचं चित्र मात्र मी आजवर कुठं पाहिलेलं नाही.