तेंदूचे मूळ आणि मोहाचे बी



वनस्पतींविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय, असे आपल्या मनात आले असेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिकलो ते तेंदूच्या फळीवर. 70 पानांचा पुडा आणि 1000 पुड्यांची गोणी, हे माझे गणित.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांवर चढतो, गवताचे कोळ होते, आणि नेमकी तेव्हाच तेंदूला कोवळी तांबूस पालवी असते. पाणी कोठून येते? खोल गेलेल्या मुळांतून. तेंदूचा जीव खाली असतो. वरचे खोड छाटा, जाळा. मुळांतून पुन्हा कोंब येतातच.

आपण म्हणतो, झाडाने आगीवर युक्ती शोधली. तसे नव्हे. झाड काही शोधीत नाही. डार्विनने 1859 साली मांडले ते एवढेच, की एका जातीची सगळी रोपे सारखी नसतात. जी त्या परिस्थितीत तगतात त्यांचेच बी पुढे जाते. असे लक्षावधी वर्षे चालले. संपात टिकणाऱ्या कामगाराशी याची तुलना करण्याचा मोह मला होतो. पण कामगार ठरवून टिकतो, झाड नव्हे.

मोहाची तऱ्हा निराळी. त्याचे बी पावसाच्या तोंडाशी गळते आणि लगेच रुजले नाही तर वाया जाते. थोरल्या मोहाला जाड साल असते, त्याला वणवा सोसतो. वर्षाच्या रोपाला सोसत नाही. दोनचार वर्षे आग चुकली तरच ते वर येते. पण आपण आग चुकू देतो कोठे? फुले वेचायला भुई मोकळी हवी म्हणून मोहाखालचा पाला पेटवतात, तेंदूची पालवी भरघोस यावी म्हणून रान पेटवतात. दरसाल पेटणाऱ्या रानात तेंदू वाढतो आणि मोह म्हातारा होतो. निवड निसर्गाची, पण काडी आपली.

हे मला पुस्तकाने आधी सांगितले नाही. एका सभेत मी पुड्याचा भाव वाढवून मागा म्हणून बोलत होतो. मागून एक आजी उठली. म्हणाली, "भाऊ, मोहाची मायच उरली रानात, पिल्लू एक बी नाही." मजजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर मी पुस्तके उघडली.

वनहक्क कायदा 2006 साली झाला, 2009 साली मेंढा-लेखाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आज अनेक ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात. म्हणजे आग लावावी की नाही, हेही आता गावाच्या हाती पुष्कळ आहे. आगीऐवजी झुडपे छाटली तरी तेंदूला चांगली पालवी येते. अडचण एवढीच, की आगीला एक काडी पुरते आणि छाटणीला माणसे लागतात. ती मजुरी पानाच्या भावात धरावी, अशी मागणी आम्ही यंदा मांडीत आहोत.