शाळांचे संकेतस्थळ व मर्यादित खाती
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



शाळेच्या नित्याच्या कामात आता ज्याची भर पडत चालली आहे, अशा एका विषयासंबंधी चार शब्द आपणापुढे मांडण्याचे मी योजिले आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यातील एखाद्या केंद्राच्या आठ शाळांनी मिळून भाड्याच्या सर्व्हरवर एक संकेतस्थळ चालवावयाचे ठरविले, असे समजा. उपक्रमांचे वृत्त, सूचना व स्वाध्याय प्रत्येक शाळेने त्यावर स्वतः ठेवावयाचे आहेत. अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की सर्व्हरवर फाईल ठेवण्याचा अधिकार कोणास व कोठवर द्यावा?

मुख्य खात्याचा एकच पासवर्ड सर्वांस सांगून टाकणे हा मार्ग सोपा दिसतो, परंतु त्याचे परिणाम फार वाईट होतात. मुख्य खाते हाती असणाऱ्यास संपूर्ण संकेतस्थळात कोठेही फेरफार करता येतो. एखाद्याच्या हातून चुकून एक फोल्डर पुसले गेले, तर आठही शाळांचे वर्षाचे काम नाहीसे व्हावयाचे. आणि ते कोणाकडून घडले याचा उलगडाही व्हावयाचा नाही. शिवाय आपली नोकरी बदलीची. शिक्षक साकोलीहून तुमसरास जातो, तेव्हा पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. तो बदलावा तर उरलेल्या सर्वांस पुन्हा कळवावे लागते. म्हणून तो वर्षानुवर्षे कोणी बदलीत नाही.

आपल्या भागात पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न पूर्वजांनी केव्हाच सोडविला आहे. मालगुजारी तलावाचे पाणी पुष्कळ बांध्यांस मिळते, पण त्यासाठी प्रत्येक शेतकरी तलावाची पाळ फोडीत नाही. पाणी पाटाने ज्याच्या त्याच्या बांधीत पोहोचते व वाटणीचे काम नेमलेला पाणकर पाहतो. मर्यादित खाते म्हणजे सर्व्हरवरील असाच पाट होय. त्यातून शाळेस आपल्या फोल्डरापर्यंत पोहोचता येते, त्याच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही.

एका संगणकावरून दुसऱ्यावर फाईल नेण्याची ‘एफटीपी’ नावाची जी रीत आहे, तिचा पहिला मसुदा कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेतलेले अभय भूषण यांनी अमेरिकेत एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. त्या काळी जाळ्यात जोडलेले संगणक मोजके होते व ते वापरणारे बहुधा परस्परांच्या ओळखीचे होते. त्यामुळे या मूळ रीतीत पासवर्ड उघडाच जातो. आज तो तसा जाऊ देणे योग्य नव्हे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. भाड्याच्या पुष्कळ सर्व्हरांवर ‘सी-पॅनेल’ हा नियंत्रणफलक असतो. त्यात ‘एफटीपी अकाउंट्स’ येथे नवे खाते काढता येते. तेथे पुढील क्रम पाळावा.

१. प्रत्येक शाळेस एक खाते द्यावे व त्याचा जबाबदार शिक्षक एकच असावा. पासवर्ड लांब व प्रत्येक खात्यास निराळा असावा.

२. ‘डिरेक्टरी’च्या चौकटीत केवळ त्या शाळेच्या फोल्डराचा मार्ग लिहावा. तेथे काही आपोआप लिहून आले तरी ते वाचून पाहावे. ‘पब्लिक_एचटीएमएल’ एवढेच राहिले, तर सारे संकेतस्थळ त्या खात्यास मोकळे होते.

३. ‘कोटा’ म्हणजे जागेची मर्यादा ठरवून द्यावी. अन्यथा एकाच शाळेच्या चित्रफितींनी सर्वांची जागा व्यापली जाईल.

४. ‘फाइलझिला’सारख्या साधनातून जोडताना ‘टीएलएस’ आवश्यक ठेवणारा पर्याय निवडावा, म्हणजे पासवर्ड व फाईल गुप्त लिपीत जातात. ‘एसएफटीपी’ ही रीत नावाने जवळची असली तरी निराळी आहे. सी-पॅनेलमध्ये अशा रीतीने काढलेल्या खात्यास ती चालत नाही. शाळेचा संगणक अनेकजण वापरीत असतील, तर त्यात पासवर्ड साठवू नये.

५. खाते शाळेच्या हाती देण्यापूर्वी त्यातून स्वतः प्रवेश करून पाहावा. शेजारच्या शाळेचे फोल्डर दिसले, तर मार्ग लिहिण्यात चूक झाली असे समजावे.

६. बदलीच्या दिवशी दाखल-खारीज रजिस्टर व साहित्य यांच्याबरोबर हे खातेही सोपवावे आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. खाते बंद करावयाचे झाल्यास फोल्डरही पुसावे काय, असे विचारले जाते. तेथे फाईल राखणारा पर्याय घ्यावा. घाईत दुसरा घेतल्यास खात्याबरोबर शाळेचे कामही जाते.

या व्यवस्थेच्या दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक अशी, की या फोल्डरात ‘पीएचपी’ची फाईल ठेवता आली, तर तिच्यातील आज्ञा बहुधा मुख्य खात्याच्या अधिकाराने चालतात व कुंपण ओलांडू शकतात. म्हणून खाते विश्वासाच्या व्यक्तीसच द्यावे आणि संपूर्ण संकेतस्थळाची प्रत वेळोवेळी काढून अन्यत्र ठेवावी.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. फाईल कोणी ठेवावी एवढेच हे खाते ठरविते. ती कोणी वाचावी हे ठरवीत नाही. संकेतस्थळाच्या फोल्डरात ठेवलेली यादी, पत्ता ठाऊक असणाऱ्या कोणासही उघडता येते. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जातीचा उल्लेख, पालकांचे दूरध्वनी यांची यादी ‘तात्पुरती’ म्हणूनही तेथे ठेवू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले आहे; आपल्या शाळांतील सर्व मुले त्यात येतात. गावातील पालक आपल्या मुलाची माहिती गुरुजींच्या व बाईंच्या भरवशावर देतो. ती पुढे कोठे जाते हे पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. ते आपणापाशी आहे. म्हणून ती राखण्याचा भारही आपणावरच आहे.

तरी प्रत्येक केंद्राने एका वहीत खात्याचे नाव, शाळा, जबाबदार शिक्षक, खाते दिल्याचा व परत घेतल्याचा दिनांक एवढ्या नोंदी ठेवाव्यात. पासवर्ड त्या वहीत लिहू नये. बदल्यांचा काळ येण्यापूर्वी या नोंदी एकदा ताडून पाहाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.