मॉरिशसच्या मिशन शाळेतला पहिला आठवडा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही बोनसवर नाहीतर कामगार कायद्यावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांना आम्हाला वर्षभर गेटसभा आहेतच. आजचा विषय आहे एक शिकाऊ शिक्षिका, तीही मॉरिशस बेटावरच्या एका कॅथलिक शाळेतली. युनियनवाल्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी मनात म्हणेल. पण शिकाऊ शिक्षिका म्हणजे उमेदवारच की! लेथवरच्या उमेदवाराला पहिल्या आठवड्यात काय सांगितले जाते आणि काय सांगायचे टाळले जाते, त्यावर त्याचा पुढचा हात बसतो, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. वर्गातही तसेच घडते. मात्र तिथे उमेदवाराच्या हाताखाली लोखंड नसते.

ही मुलगी कोकणातून गेलेल्या गिरमिटियांची पणती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून आलेले मजूर मॉरिशसला उतरले, आणि पुढल्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून तिथे गेली. त्यांतली काही हजार मुंबई बंदरातून चढलेली आपली मराठी माणसे. आज त्यांच्या घरांत गणपती बसतो, गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते, आरत्या मराठीत म्हणतात. पण आरती संपली की बोलणे क्रिओलमध्ये सुरू होते. क्रिओल ही फ्रेंच शब्दांवर गुलामांनी घडवलेली भाषा. सारे बेट ती बोलते. ही मुलगी मराठी पक्की करायला इकडे आली होती, तेव्हा आमच्या घरी तिचे येणे-जाणे झाले. आम्हाला ती काका म्हणते. पुढची हकीकत तिच्या संमतीने सांगत आहोत. शाळेचे नाव मात्र घेणार नाही.

आधी या शाळांविषयी दोन शब्द. ब्रिटिशांनी १८१० साली हे बेट फ्रेंचांकडून घेतले. १८१४ साली लंडन मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड जाँ लब्रं तिथे आले आणि ज्यांना कोणी शाळेच्या दारात उभे करीत नव्हते, त्या काळ्या नि मिश्रवर्णी मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. १८३५ साली गुलामगिरी गेली. १८४१ साली फादर लावाल आले. ते फ्रेंच होते, पण मुक्त झालेल्या गुलामांची बोली शिकले आणि त्यांच्याशी त्याच बोलीत बोलले. आजही सप्टेंबरात त्यांच्या समाधीला कॅथलिकांबरोबर हिंदूही जातात. १८४५ साली लोरेटोच्या जोगिणी आल्या. मिशनऱ्यांचा हेतू धर्माचा होता, यात शंका नाही. पण आपल्याकडे जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि त्या वेळच्या अहमदनगरात मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना पुण्यात शाळा काढण्याची उमेद आली, हेही आपण विसरू नये. कोणी कोणत्या हेतूने दार उघडले याचा हिशेब एक, आणि त्या दारातून कोण आत गेले याचा हिशेब दुसरा.

पुढे शाळा चर्चची आणि शिक्षकांचा पगार सरकारचा, अशी व्यवस्था झाली. त्यातून एक मोठा खटला उभा राहिला. सरकारी अनुदान घेणाऱ्या कॅथलिक माध्यमिक शाळा निम्म्या जागा कॅथलिक मुलांसाठी राखून ठेवीत. सत्यदेव टेंगूर या पालकाने हे भेदभावाचे आहे म्हणून दावा लावला, आणि २००४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हे गृहस्थ शिक्षकांच्या युनियनचे पुढारी, हे सांगताना आम्हाला थोडा अभिमान वाटतो, तो श्रोत्यांनी चालवून घ्यावा. सार्वजनिक पैसा घ्यायचा तर दार सार्वजनिक ठेवले पाहिजे, हे आमचे स्वच्छ मत आहे.

आता आमच्या मुलीकडे वळू. रेद्वीला १९७३ सालापासून शिक्षक तयार करणारी मॉरिशस इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन आहे. तिथून तिला २०१७ च्या जानेवारीअखेर सरावासाठी बेटाच्या नैर्ऋत्येकडच्या कोळीवस्तीतल्या शाळेत पाठवले. वर्ग पहिलीचा. मुले बहुतेक क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशातली; चार-दोन हिंदू. पाच वर्षे ओळीने चाळीस टक्क्यांपेक्षा कमी मुले पास होतात, अशा शाळांसाठी २००३ साली सरकारने खास योजना काढली. ही शाळा त्यांतलीच.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी तिला तीन गोष्टी सांगितल्या: पुस्तक इंग्रजी आहे, समजावून फ्रेंचमध्ये सांगावे, आणि आवाज चढू देऊ नये. तिने घराचे चित्र दाखवले. इंग्रजीत म्हणाली ‘हाऊस’, फ्रेंचमध्ये म्हणाली ‘मेझों’. वर्ग गप्प. मागच्या बाकावरचा एक पोरगा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, ‘लाकाझ.’ पाण्याच्या चित्रालाही हेच झाले: ‘वॉटर’, ‘लो’, आणि मागून ‘देलो’. पोरांना घर माहीत होते, पाणी माहीत होते. वर्गात त्यांची नावे तेवढी परकी होती. सहा वर्षांच्या पोराने एकदम दोन परक्या भाषा उचलाव्यात आणि त्यांतून गणितही शिकावे, असा हा कारभार.

मंगळवारी बेरीज होती. एका मुलीने पाटीवर काहीच लिहिले नाही. विचारले तर म्हणाली, ‘मो पा कोंप्रान,’ मला कळत नाही. आमच्या मुलीच्या तोंडून आपसूक क्रिओलमध्ये स्पष्टीकरण निघाले आणि वर्गाच्या माना वर झाल्या. मधल्या सुट्टीत एका ज्येष्ठ शिक्षिकेने तिला बाजूला घेतले. “मैदानातली भाषा मैदानात राहू दे, पोरी. तुझे निरीक्षण शुक्रवारी आहे.” त्या बाई दुष्ट नव्हत्या. क्रिओलमुळे पोरे मागे राहतात, असे त्यांना आयुष्यभर शिकवलेले होते, आणि त्या स्वतः त्याच वस्तीतून वर आलेल्या होत्या.

बुधवारी १ फेब्रुवारी, गुलामगिरी संपल्याची सुट्टी. त्या दिवशी ल मॉर्नच्या डोंगरापाशी मोठा समारंभ होतो. पळालेले गुलाम ज्याच्या कड्यांवर आसरा घेत, तो हा डोंगर. गुलामांनी घडवलेल्या भाषेत त्या दिवशी गाणी होतात. गुरुवारी वर्गात तीच भाषा पुन्हा गुन्हेगार!

इथे कायद्याचा एक मुद्दा आहे, आणि आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. १९५७ च्या शिक्षण नियमांत म्हटले आहे की खालच्या इयत्तांत, मंत्र्यांच्या मते मुलांना सर्वांत योग्य असेल ती भाषा शिकवण्यासाठी वापरता येते. इंग्रजीची सक्ती चौथीपासून. म्हणजे नियम तिच्या बाजूचा होता, पण पहिल्या आठवड्यात तो तिला कोणी दाखवला नाही. २०१२ पासून क्रिओल हा ऐच्छिक विषय झाला आहे. त्यातही गंमत अशी की मूल क्रिओल घेणार की मराठी, हिंदीसारखी पूर्वजांची भाषा, अशी निवड करावी लागते. ऐच्छिक तासाला क्रिओल चालते, गणिताच्या तासाला चालत नाही.

चर्चच्या बाबतीत न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलांना क्रिओलमधून शिकवण्याचा पहिला संघटित प्रयत्न २००५ साली कॅथलिक माध्यमिक शाळांनीच केला, सरकारच्या सात वर्षे आधी. फादर लावालांचा धागा त्यांनी उशिरा का होईना, उचलला. आमची तक्रार इतकीच की हे शहाणपण मुले नापास झाल्यावर सुचते. पहिलीच्या वर्गात ते का नको?

गुरुवारी रात्री तिने इन्स्टिट्यूटमधल्या एका मैत्रिणीकडून तो नियम मिळवला आणि पाठाच्या टाचणात त्याचा क्रमांक लिहिला. विद्यावेतनावर जगणारी, शेरा वाईट पडला तर वर्ष जाईल अशी ती मुलगी. पाठीशी संघटना नाही, कारण शिकाऊंना कोणी सभासद धरीत नाही. आमच्याकडच्या उमेदवारांचीही हीच रड आहे. तिथल्या शिक्षक युनियनांनी एक साधी मागणी करावी असे आम्हाला वाटते: शिकाऊ शिक्षकाला पहिल्या दिवशी जो सूचनांचा कागद मिळतो, त्यावर १९५७ चा नियम छापावा. खर्च शाईपुरता.

शुक्रवारी निरीक्षक मागच्या बाकावर बसले. तिने ‘लाकाझ’पासून सुरुवात केली, मग ‘मेझों’, मग ‘हाऊस’. बेरीज क्रिओलमध्ये समजावली आणि इंग्रजीत लिहून घेतली. निरीक्षकांनी शेरा दिला: वर्गाचा सहभाग चांगला, माध्यमाकडे लक्ष द्यावे. ती पास झाली. टाचणातल्या नियमाच्या क्रमांकाखाली त्यांनी पेन्सिलीने एक रेघ मारली होती. ती पसंतीची की नापसंतीची, हे तिला अजून कळलेले नाही.