नादारीचा अर्ज करू का?

(अंबरनाथच्या शिवमंदिर भागातील बैठकीत केलेले भाषण)



आज भाताच्या भावावर बोलायचं ठरलं होतं. पण सकाळी देवळाबाहेर एक पोरगा माझी वाट बघत उभा होता. वय सव्वीस. म्हणाला, "सर, कोर्टात नादारीचा अर्ज करू का?" त्याला विचारून, नाव न घेता, त्याचंच सांगतो. हा प्रश्न इथे बसलेल्या आणखी काही घरांत आहे, हे मला ठाऊक आहे.

पोरानं २०१९ साली कर्ज काढून कोंबड्यांची शेड बांधली. २०२० च्या फेब्रुवारीत कोंबडीतून कोरोना होतो अशी आवई उठली आणि पक्षी मातीमोल झाले. बँकेचा हप्ता भरायला टेंपो घेतला, टेंपोच्या हप्त्यासाठी हातउसने, आणि शेवटी मोबाईलच्या ॲपवरून. आज अकरा लाख. मी शेतकी पदवीधर. खाद्य किती, मर किती, सगळा हिशेब मांडून पाहिला. पोराची चूक फार सापडली नाही.

आता कायदा. मुंबई शहर सोडलं तर आपल्याकडे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. ठाण्याचं जिल्हा न्यायालय आपलं. २०१६ च्या नव्या कायद्यातला माणसांविषयीचा भाग २०१९ मध्ये फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू केला. साधा कर्जदार अजून जुन्याच कायद्यात. कंपनीची सोय आधी, कुणब्याची मागाहून!

तरी हा कायदा म्हणजे कुणाची भीक नाही. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकाराचे कागद जाळले, तेव्हा कुठे १८७९ चा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं आणि नादारीची वाट मिळाली. म्हणून नादार म्हणजे लबाड, असं मानणाऱ्यांनी जरा मागचं वाचावं.

अर्ज मंजूर झाला की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. परवानगीशिवाय सावकाराला दावा लावता येत नाही. शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, बैल, बियाणं जप्तीतून सुटतं. पण गहाण ठेवलेलं सुटत नाही. पुढे कोर्टानं मुक्तीचा हुकूम दिला की बहुतेक कर्जांतून मोकळीक मिळते. सरकारी देणं आणि फसवून केलेलं देणं मात्र राहतंच. मुक्ती मिळेपर्यंत ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. ते चालेल हो, इथे कोणाला सरपंच व्हायची घाई आहे?

खरी गोम पुढे आहे. मी विचारलं, "जामीन कोण?" पोरगा खाली बघायला लागला. मामा. शेडच्या कर्जाला मामाची सही आहे. भाच्याला मुक्ती मिळाली तरी कायदा जामीनदाराला सोडत नाही. बँक दुसऱ्या दिवशी मामाच्या दारात. आणि मामाला अजून काही सांगितलेलंच नाही!

दुसरं, कोणा शहाण्यानं सल्ला दिला होता की स्वतःच्या नावचे दहा गुंठे आईच्या नावावर करून टाक. बाबा रे, नादारीच्या अर्जाच्या आधी दोन वर्षांत असं केलेलं कोर्ट रद्द करू शकतं, आणि मालमत्ता लपवली तर एक वर्षापर्यंत तुरुंग. कर्ज बुडालं तर तोंड वर करून सांगता येतं. लपवाछपवी सांगता येत नाही.

आई म्हणते, नादार पोराला मुलगी कोण देईल? मला याचं उत्तर देता आलं नाही. एवढंच म्हणालो, रात्री दोनला वाजणारा फोन घेऊन संसार मांडण्यापेक्षा वाईट ते नसेल.

माझं मत विचाराल तर, आधी कागदावर सगळी देणी लिहा. सावकाराकडे परवाना आहे का ते निबंधकाकडे विचारा; २०१४ च्या कायद्यानं बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे. बँकेशी एकरकमी तडजोडीचं लेखी बोला, लोकअदालतीत बसा. मामा वाचत असेल तर अर्जाआधी हीच वाट. बँक ऐकतच नसेल, तर अर्ज जरूर करावा, लाजू नये. पण मामाला आधी सांगून.

पोरगा आत्ता तिथे मागे बसलाय. सोमवारी आम्ही ठाण्याला वकिलाकडे जातोय. आज संध्याकाळी तो मामाकडे जाणार आहे. मी बरोबर येतो म्हटलं, तर नको म्हणाला.