शहरे टाळून केलेला प्रवास

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘अमेरिकेतील अनुभव’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. हा विषय आपल्या ज्ञातीत आता नवा राहिलेला नाही. ज्या घरातील मुलगा वा मुलगी परदेशी नाही, असे घर या सभागृहात विरळाच असेल. तेथील उंच इमारतींची आणि नायगाराची वर्णनेही आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून आम्ही एका लहानशा गोष्टीविषयीच बोलणार आहोत. मोठी गाडी घेऊन लांबचा प्रवास करावयाचा असता गर्दीची शहरे टाळणारा मार्ग कसा आखावा, एवढाच आमचा विषय आहे.

तेथे आर. व्ही. नावाची गाडी भाड्याने मिळते. तिला फिरते बिऱ्हाडच म्हणावे. आत शेगडी, शीतकपाट, निजावयाची सोय, मोरी, शौचकूप, सर्व काही असते, आणि चालकाच्या डोक्यावर एक माळाही असतो. आमच्या चिरंजीवांनी घेतलेली गाडी २८ फूट लांब होती. छतावरील वातानुकूलन यंत्र धरून तिची उंची ११ फूट १० इंच भरत होती. ही उंची ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व कथा तिच्यावरच उभी आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही प्रथम निघालो, तेव्हा मार्ग आखण्याचे काम चिरंजीवांनी मोबाइलवर सोपविले होते. मोबाइलने आमची गाडी साधी मोटार समजून न्यू यॉर्कच्या परिसरातील एका ‘पार्कवे’वर आम्हांस नेऊन सोडले. हे रस्ते केवळ लहान मोटारींकरिता बांधलेले असून त्यांवर दगडी कमानींचे ठेंगणे पूल आहेत. समोरच्या कमानीवरील आकडा वाचताच चिरंजीवांनी गाडी थांबविली. पुढे जाता येईना आणि मागे मोटारींची रांग लागली. पोलिसांनी येऊन वाहतूक रोखली आणि आम्हांस उलट्या चालीने बाहेर काढले. त्यास दोन तास लागले. सूनबाई नातवास कुशीत घेऊन मुकाट्याने बसल्या होत्या. सौ.ने डोळे मिटून घेतले होते. छतास इजा झाल्यास विमा लागू नाही, असे करारात बारीक अक्षरांत छापलेले होते. ते आम्ही त्या रात्री वाचले! दुसरे दिवशी गाडी परत केली. चिरंजीव त्यानंतर कित्येक दिवस आमच्याशी मोजकेच बोलत असत. सौ.ने तर त्या गाडीत पुन्हा पाऊल न ठेवण्याचे जाहीर केले.

आम्ही एस. टी.मध्ये वाहतूक नियंत्रक म्हणून ३१ वर्षे काढली आहेत. कोणत्या घाटात कोणती गाडी पाठवावी, चालकास विश्रांती कोठे द्यावी, बाजाराच्या दिवशी कोणते गाव टाळावे, हेच आमचे आयुष्य होते. तरी मुलाच्या घरी आम्ही पाहुणे होतो. पाहुण्याने वाटेविषयी बोलू नये, या संकोचाने आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. ही चूक आमची होती, हे येथे मान्य करतो. पुढील वर्षी चिरंजीवांनी आपण होऊन नकाशा आमच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्ही चष्मा पुसून कामास लागलो.

प्रथम गाडी मोजावी. भाडेपत्रावरील आकड्यावर विसंबू नये. स्वतः मोजलेला आकडा चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावा. उत्तर कॅरोलायनातील डरहॅम गावी ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वेपूल होता. उंच गाड्यांची छपरे सोलण्याबद्दल त्याची जगभर ख्याती झाली. २०१९ मध्ये तो ८ इंचांनी वर उचलला, तरीही गाड्या त्यावर आदळतच राहिल्या. आमची गाडी जुन्या पुलाखाली २ इंचांनी अडकली असती. दुसरे असे की, मालट्रक हाकणाऱ्यांकरिता तेथे निराळा नकाशासंग्रह छापतात. त्यात ठेंगण्या पुलांची राज्यवार यादी असते. तो विकत घेतला हा आमचा सर्वांत शहाणपणाचा खर्च होय.

त्यानंतर रस्त्यांच्या क्रमांकांची भाषा शिकावी. ‘इंटरस्टेट’ नामक महामार्गांपैकी सम क्रमांकाचे पूर्वपश्चिम जातात आणि विषम क्रमांकाचे दक्षिणोत्तर. क्रमांक तीन अंकी असेल तर पहिला अंक पाहावा. तो सम असल्यास तो रस्ता बहुधा शहरास वळसा घालतो. विषम असल्यास तो शहरात शिरणारा फाटा असावा. मात्र जेथे शहराने वाढता वाढता वळशासच गिळले आहे, तेथे या ज्ञानाचा उपयोग नाही. तेथे घड्याळच कामी येते. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी तीननंतर मोठ्या वस्तीजवळ फिरकू नये, आणि टाळता न येणारे शहर रविवारी सकाळी ओलांडावे.

आम्हांस न्यू जर्सीहून यलोस्टोनला जावयाचे होते. मुलांचा ओढा ग्लेशियर उद्यानाकडे होता. परंतु तेथील प्रसिद्ध घाटरस्त्यावर २१ फुटांहून लांब गाडीस वरपर्यंत मज्जाव आहे, म्हणून तो विचार सोडला. सरळ मार्ग म्हटला तर ८० क्रमांकाचा. पेनसिल्व्हेनियात तो ३११ मैल जातो आणि फिलाडेल्फिया व पिट्सबर्ग ही दोन्ही शहरे बाजूस ठेवतो. तेथवर तो आमचा मित्रच. पुढे मात्र तो शिकागोच्या दक्षिण अंगास मालट्रकांच्या अखंड रांगेत नेऊन घालतो. म्हणून ओहायोत अॅक्रन शहर रविवारी सकाळी ओलांडून आम्ही दक्षिणेस वळलो आणि मॅन्सफिल्डपाशी ३० क्रमांक धरला. फोर्ट वेनला ४६९ ने वळसा घातला. तेथून २४ क्रमांकाने इंडियाना व इलिनॉयमधील मक्याच्या शेतांतून पिओरियास पोचलो. डॅव्हनपोर्टला २८० ने बगल दिली, मिसिसिपी ओलांडली आणि ६१ ने उत्तरेस डब्यूकला जाऊन २० क्रमांकाच्या रस्त्यास लागलो.

या २० क्रमांकाविषयी थोडे अधिक बोलू द्यावे. बोस्टनपासून ऑरेगनमधील न्यूपोर्टपर्यंत जाणारा सुमारे ३,३६५ मैलांचा हा त्या देशातील सर्वांत लांब रस्ता समजतात. आयोवात तो २०१८ पासून आरपार चौपदरी झाला आहे. नेब्रास्कात शिरताच वस्ती विरळ होत जाते. गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या, एखादी पवनचक्की, गाई, आणि वर अफाट आकाश! व्हॅलेंटाइन ते गॉर्डन सुमारे ९० मैल आहे, आणि मध्ये अगदी लहान गावेच लागतात. त्यामुळे टाकी अर्धी होताच आम्ही तेल भरीत असू. येथे एक गंमत सांगतो. आम्हांस वायोमिंगमधील कोडी गावी जावयाचे होते. वाटेवर नेब्रास्कातही एक चिमुकले कोडी लागते. मोबाइलने तेथेच ‘आपण पोचलात’ असे जाहीर केले. त्या वेळी गाडीत प्रथमच सर्वजण हसले.

सौ. या खेपेस आल्या होत्या, पण एका अटीवर. प्रत्येक पुलाची उंची आम्ही आधी मोठ्याने सांगावयाची. तसे आम्ही २,३०० मैल सांगत गेलो. रोज २५० मैलांहून अधिक चाललो नाही आणि तीनच्या आत मुक्काम गाठला. आमचे आजोबा बैलगाडीने पंढरीस जात, तेव्हा पाणी, वैरण आणि सावली पाहून मुक्काम ठरवीत. येथे पाणी, वीज आणि मैला रिकामा करण्याची जागा पाहावी लागते, एवढाच भेद. यलोस्टोनमध्ये या तिन्ही सोयींचा एकच तळ आहे, फिशिंग ब्रिज नावाचा. तेथील जागा आम्ही कित्येक महिने आधी राखून ठेवली होती.

वायोमिंगमध्ये बिगहॉर्न पर्वत चढून जाणारे दुसरे रस्ते आहेत. २० क्रमांक तो चढ टाळून विंड नदीच्या दरीतून जातो. परंतु त्या दरीत तीन बोगदे आहेत. त्यांची उंची आम्ही आधी तपासली होती, तरी पहिल्या बोगद्याचे तोंड दिसताच आमचा आवाज फुटेना. आकडा सौ.नेच सांगितला. त्यांनी तो पाठ केला होता! चिरंजीवांनी वेग कमी केला, आणि तिन्ही बोगदे मागे पडले. पुढे थर्मोपोलिसला उष्ण पाण्याचे झरे आहेत. शोशोनी व अरापाहो लोकांशी १८९६ साली झालेल्या करारामुळे तेथील सरकारी स्नानगृहात आजही पैसे पडत नाहीत. वीस मिनिटे बसू देतात. वज्रेश्वरीची आठवण झाली. चिरंजीव आमच्या शेजारी गळ्यापर्यंत पाण्यात बसून परतीच्या वाटेविषयी विचारू लागले, आणि वीस मिनिटे केव्हा संपली ते कळले नाही.

त्या नकाशाची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहे. यंदाच्या उन्हाळ्यात ज्यांस जावयाचे असेल त्यांनी ती अवश्य पाहावी. पुलांच्या आणि बोगद्यांच्या उंच्या समासात लाल शाईने लिहिल्या आहेत. परंतु रस्त्याचा थर नव्याने चढला की उंची कमी होते, म्हणून निघण्यापूर्वी त्या पुन्हा पडताळून घ्याव्यात.