जोखमीचा मोबदला आणि दुकानातला कामगार



जे काम आरोग्यास अधिक घातक, त्याची मजुरी अधिक, हा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभीच शिकवला जातो. त्याचे मूळ अ‍ॅडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथात आहे. २०२० साली अमेरिकेतील सुपरमार्केटांत या सिद्धान्ताची परीक्षा झाली.

त्या वर्षी मे महिन्यात बॉस्टन शहरातील एका किराणा भांडाराच्या १०४ कामगारांची करोनासाठी तपासणी झाली. २१ जण बाधित निघाले, म्हणजे पाचांत एक. आसपासच्या वस्तीत हेच प्रमाण तेव्हा शेकडा एकच्या आगेमागे होते. गिऱ्हाइकांशी थेट संबंध येणाऱ्यांना लागण होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे पाचपट आढळली. शेकडा ९१ जण कामावर मुखपट्टी वापरत होते. पण अंतर नेहमी राखता येते असे सांगणारे दोन तृतीयांशच होते. गल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाने अंतर राखायचे तरी कोणापासून? एका दुकानावरून साऱ्या देशाचा हिशेब मांडू नये, हे खरेच. पण एक गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्या २१ पैकी १६ जणांना कसलेही लक्षण नव्हते.

अशी लागण दुखण्याच्या नोंदीत येत नाही. पुढे रक्तातील प्रतिपिंडे तपासली तरच तिचा माग लागतो. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत अशी तपासणी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांत शेकडा ५७ आणि इतर वस्तीत शेकडा १६ लोकांत प्रतिपिंडे सापडली. रोगाने वर्ग ओळखला, तो असा.

आता मजुरीकडे वळू. क्रोगर ही अमेरिकेतील किराणा व्यापारातली बलाढ्य कंपनी. तिने साथीच्या आरंभी कामगारांना ताशी २ डॉलर जादा दिले आणि त्याला ‘हीरो बोनस’ असे नाव दिले. बॉस्टनची तपासणी झाली त्याच मे महिन्याच्या मध्यास ही वाढ बंद झाली. साथ मात्र संपली नव्हती. मोबदल्याला बक्षीस म्हटले, की तो परत घेता येतो!

स्मिथच्या सिद्धान्तात दोन गृहीतके दडलेली आहेत: कामगाराला धोक्याची जाणीव असते आणि तो काम सोडून दुसरीकडे जाऊ शकतो. लक्षणांवाचून फिरणाऱ्या रोगाने पहिले मोडले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील बेकारी शेकडा १४ च्या वर गेली होती, तिने दुसरे मोडले. मार्च २०२० मध्ये काँग्रेसने करोनासाठी भरपगारी रजेचा कायदा केला खरा. पण ५०० वा अधिक नोकर असलेल्या खाजगी कंपन्या त्यातून वगळल्या. म्हणजे मोठ्या साखळी-दुकानांतला कामगार त्या कायद्याच्या बाहेरच राहिला.

जानेवारी २०२१ मध्ये सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेने मोठ्या किराणा दुकानांतील कामगारांना ताशी ४ डॉलर जोखीमभत्ता सक्तीचा केला. कामगार संघटनेची तशी मागणी होती. क्रोगरने पुढच्याच महिन्यात त्या शहरातील आपली दोन दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. उरलेल्या दुकानांतून मात्र कंपनीला तो भत्ता द्यावाच लागला.